केम्निट्समधलं पहिलं घर: वायरी, पाटी आणि न फिरणारी मूठ

सोलापूरहून निघताना आईने बॅगेत शेंगाची चटणी कोंबली आणि वजन जास्त होतंय म्हणून मी टॉर्च बाहेर काढला. जर्मनीत कुठे लाइट जाते? जात नाहीच. पण भाड्याच्या घरात दिवा असेलच असंही नाही.

तीन आठवडे मित्राच्या खोलीत गादी टाकून काढले आणि मग केम्निट्स शहराच्या सोनेनबर्ग भागात, तिसऱ्या मजल्यावर, एक खोली मिळाली. भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं घर, वार्ममीटे म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा वगैरे धरून. माझं काल्ट १६५ युरो, वार्म २५०. विजेचं बिल बहुतेक ठिकाणी वेगळंच येतं. डिपॉझिट कायद्याने तीन काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आपल्याला आहे. मी मागितला, मिळाला.

किल्ल्या शनिवारी संध्याकाळी हातात आल्या. ही पहिली चूक. छतातून तीन वायरी लोंबकळत होत्या. स्वयंपाकघर म्हणून दाखवलेल्या कोपऱ्यात ओटा नाही, सिंक नाही, भिंतीतून नुसता बूच मारलेला पाइप. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर घेऊन गेला होता! इथे तशीच रीत आहे. जाहिरातीत ईबीके ही तीन अक्षरं असतील तर ओटा-कपाटं घरातच आहेत असं समजा. नसतील तर विचारा. रविवारी दुकानं बंद, म्हणून दोन रात्री फोनचा टॉर्च लावून त्याच्यावर पाण्याची भरलेली बाटली ठेवली. खोलीभर बऱ्यापैकी उजेड पडतो. सोमवारी होल्डर आणि बल्ब आणले आणि फ्यूज पाडून मित्राने जोडून दिले. तर ताबा मंगळवार-बुधवारी घ्या, तोही दिवसाउजेडी. ताबा घेताना जो कागद भरतात त्यात भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा आणि मीटरचं रीडिंग लिहून घ्या, फोटो काढा. घर सोडताना डिपॉझिट त्यावरच अडतं.

मग आनमेल्डुंग. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवायचा. त्यासाठी भाडेकरार पुरत नाही, घरमालकाने सही केलेला वेगळा दाखला लागतो. तो किल्ल्यांबरोबरच मागा. अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, म्हणून घर पक्कं होताच बुक करून टाका. नोंदणी झाली की रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही हे कारण चालत नाही. वर्गणी माणशी नसून घरटी आहे, त्यामुळे चौघं राहत असाल तर वाटून घ्या.

आमच्यातले बरेच जण फसतात ते पाटीवर. इथल्या पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा नंबर आणि तुमचं आडनाव, बस. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माझं बँकेचं कार्ड असंच माघारी गेलं, आणि टॅक्स नंबरसुद्धा पोस्टानेच येतो. पहिल्याच दिवशी कागदावर नाव लिहून चिकटवा. पासपोर्टवर जे स्पेलिंग आहे तेच.

आता दाराबद्दल. बाहेरून गोल मूठ असते, ती फिरत नाही. दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही. दुसऱ्या रविवारी कचरा टाकायला चपला घालून खाली गेलो, वर खिडकी उघडी होती, वाऱ्याने दार धाडकन लागलं. फोन आत, किल्ली आत, जिन्यात मी हाफपँटवर. समोरच्या आजींनी बेल वाजवताच दार उघडलं, चहा दिला आणि कुलूपवाल्याला फोन केला. त्याने प्लास्टिकची एक पट्टी फटीत सरकवली, दोन मिनिटांत दार उघडलं. १८० युरो, रविवारचा जादा आकार धरून. म्हणजे जवळपास डिपॉझिटचा एक हप्ताच! फोनवर आधी एकूण रक्कम ठरवून घ्या, आणि जादा किल्ली गावातल्याच मित्राकडे ठेवा. माझी दुसरी किल्ली आत खुंटीवर लटकत होती.

फोडणीचंही सांगतो. छतावर धुराचा अलार्म असतो, मोहरी तडतडली की तो बोंबलतो. खिडकी सताड उघडून फोडणी द्या, अलार्मवर पिशवी बांधू नका. एरवीही दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडा, थंडीतसुद्धा. नाहीतर भिंतीला बुरशी येते आणि खर्च तुमच्या माथी मारला जाऊ शकतो. रात्री दहानंतर आवाज नको, रविवारी काचेच्या बाटल्या डब्यात टाकायच्या नाहीत.

दोन शेगड्यांची जुनी प्लेट २० युरोला मिळाली, सिंक अजून नाही, भांडी बाथरूममध्ये घासतो. आजींना चटणी नेऊन दिली. त्यांनी ती पावाला लोण्यावर लावून खाल्ली आणि बरणी परत केलेली नाही. घरातल्या पॅसेजमधल्या वायरी अजून तशाच लोंबकळताहेत. शनिवारी करीन.