बर्फ कारखान्यातली सिरीयल लाइन

रत्नागिरीजवळच्या एका बंदरावरचा बर्फाचा कारखाना. खाऱ्या पाण्याच्या टाकीचं तापमान नोंदवणारा पीसी ४८६ प्रोसेसरच्या काळातला, त्यावर जुनं लिनक्स. जूनमध्ये वीज पडली आणि त्याचं नेटवर्क कार्ड गेलं. मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, दुसऱ्या दिवशी प्रत्येक होडीला बर्फ हवा. म्हणून ऑफिसच्या पीसीपर्यंत दहा मीटर केबल ओढून सिरीयल पोर्टवर (एकेक बिट ओळीने पाठवणाऱ्या जोडणीवर) पीपीपी चालवायचं ठरलं, म्हणजे त्याच तारेवरून नेटवर्क.

केबल पूर्ण बनवली: कनेक्टरच्या पिना २ आणि ३ उलटसुलट, ७ आणि ८ उलटसुलट, ५ ला ५, आणि ४ नंबर पलीकडच्या ६ व १ ला. तीन तारांवर काम भागवणारे पुढे रडतात. वेग सेकंदाला ११५२०० बिट. पिंग, म्हणजे जोडणीची चाचणी, छान. नोंदींच्या फाइली बाहेर आल्या. पण १२ एमबीचा दुरुस्त प्रोग्राम जुन्या पीसीत पाठवला की थोडा जाऊन अडायचा.

"खाऱ्या वाऱ्यानं खाल्लान वायर," मिस्त्री म्हणाले. किनाऱ्यावर बहुतेक वेळा तेच खरं असतं, पिना हिरव्या पडतात. मीही दोन्ही कनेक्टर कापून नवे सोल्डर केले. अर्धा दिवस गेला, फरक शून्य.

मग जुन्या पीसीवर सिरीयल ड्रायव्हरचा तक्ता उघडला. वायर खराब असती तर तिथे 'एफई', म्हणजे फ्रेमिंगच्या (अक्षराची सुरुवात-शेवट न जुळण्याच्या) चुका दिसल्या असत्या. त्या नव्हत्याच. फाइल आत येताना 'ओई' मात्र भराभर चढत होता: ओव्हररन, म्हणजे आलेलं अक्षर उचलायच्या आत पुढचं येऊन आदळणं. सेटसिरीयल या आज्ञेने सिरीयल पोर्टची चिप सांगितली १६४५०. १६५५०ए चिप १६ अक्षरं साठवून ठेवते, ही १६४५० मात्र एकच. ११५२००ला दर ८७ मायक्रोसेकंदांनी नवं अक्षर येतं. डिस्कवर लिहिताना आयडीई (डिस्कचा) ड्रायव्हर इंटरप्ट, म्हणजे 'अक्षर आलं, उचला' अशा हाका, अडवून धरतो, तेवढ्यात आधीचं अक्षर पुसलं जातं. बाहेर जाताना अडचण नव्हती, कारण तेव्हा आत येत होत्या त्या फक्त छोट्या पोचपावत्या. एखादी हरवली तर पुढची भरून काढते.

आरटीएस-सीटीएस (७ आणि ८ वरून 'थांब, पाठव' सांगणं) लावलं की ओव्हररन थांबतो, ही समजूत आमच्या धंद्यातही पक्की आहे. इथे ती चूक ठरते. आरटीएस खाली घेतं, म्हणजे 'थांब' सांगतं, ते कर्नल (लिनक्सचा गाभा), आणि तेही स्वतःचा बफर भरत आल्यावर. अक्षर त्याआधीच चिपमध्ये मेलेलं असतं. पीपीपी तपासणीत नापास झालेली फ्रेम टाकून देतो, फाइल पोचवणारा टीसीपी दर वेळी आणखी थांबून पुन्हा पाठवतो, आणि बघणाऱ्याला वाटतं लाइन तुटली. पीपीपीऐवजी वापरता येणाऱ्या जुन्या स्लिपकडे तर स्वतःची अशी तपासणीही नाही.

दोन्ही टोकांना वेग ३८४०० केला. अक्षरामागे २६० मायक्रोसेकंद मिळाले, 'ओई' जागच्या जागी थांबला. फाइल तासाभरात गेली.

दुसरा उपाय होता: एचडीपॅराम या आज्ञेने डिस्कचं काम चालू असताना बाकीचे इंटरप्ट मोकळे सोडणं. पूर्ण वेग मिळाला असता. पण काही जुन्या कंट्रोलरवर त्याने फाइलसिस्टीम बिघडते, आणि त्या डिस्कची नक्कल नव्हती. बंदीच्या दिवसांत कारखाना बंद होता, तेव्हाच नक्कल काढून हा उपाय करून बघायला हवा होता का, हे अजून घोळतंय. आता तो पीसी तासभरही बंद करू देत नाहीत.