आर्क्टिकच्या तेलावर सरकारला लिहिलं तेव्हा

अलास्कातल्या आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज या अभयारण्याची किनारपट्टी तेल कंपन्यांना भाडेपट्ट्याने द्यायची, तर पर्यावरणावर काय परिणाम होईल, याच्या सरकारी अहवालाचा मसुदा डिसेंबर २०१८ मध्ये निघाला. त्यावर लोकांकडून अभिप्राय मागवले होते. मी तेव्हा सिअ‍ॅटलला नोकरीच्या व्हिसावर होतो. "तुला इथे मतदानाचा हक्क नाही, तू कशाला यात पडतोस?" असं मित्र म्हणाले. पण अभिप्राय द्यायला नागरिकत्व लागत नाही.

अहवाल शेकडो पानांचा. शिवाय हे मतदान नव्हे. नुसतं "तेल काढू नका" कितीही जणांनी लिहिलं तरी फरक पडत नाही. अमुक पानावरचं गृहीतक का टिकत नाही हे दाखवलं, तर मात्र तेव्हाच्या नियमांनुसार अंतिम अहवालात त्याची दखल घ्यावी लागत असे. म्हणून मी एकच मुद्दा धरला, २,००० एकरांचा.

२०१७ च्या कायद्याने सुमारे १५ लाख एकरांच्या या पट्टीत बांधकामाला २,००० एकरांचीच मुभा दिली. ऐकायला किती थोडं वाटतं! पण ही जमीन सलग असण्याची अट नाही, आणि खांबांवरून जाणाऱ्या पाइपलाइनच्या फक्त खांबांखालची जागा मोजायची. पोर्क्युपाइन नावाच्या कळपातल्या कॅरिबू (उत्तरेकडची रानटी हरणं) माद्या जूनच्या सुमारास बहुतेक वर्षी इथेच वितात. पिल्लू लहान असताना मादी रस्ते आणि पाइपलाइनपासून काही किलोमीटर लांब राहते. म्हणजे तिच्या हातून किती जमीन जाते, ते खांबाच्या बुंध्यावरून कसं ठरवणार? पान क्रमांक देऊन एवढंच लिहिलं आणि पाठवलं.

वाचताना तिथल्या काक्टोविक गावच्या इनुपियाट आदिवासी लोकांची बाजूही समजली. तिथल्या अनेकांना तेलाच्या पैशातून शाळा, दवाखाने चालायला हवेत, आणि ते हक्काने मागतात. पण दक्षिणेकडच्या ग्विचिन आदिवासी लोकांचं पोटच या कळपावर आहे. मला त्यांचं म्हणणं अधिक पटतं: तेलाचा पैसा दुसरीकडूनही उभा राहील, पण वीण बिघडलेला कळप पुन्हा उभा करता येत नाही.

सप्टेंबर २०१९ च्या अंतिम अहवालात सरकारने संपूर्ण पट्टी खुली करणारा पर्याय निवडला. वाचून फार वाईट वाटलं. पुढे जानेवारी २०२१ च्या लिलावाकडे बड्या कंपन्यांनी पाठ फिरवली आणि जानेवारी २०२५ मध्ये तर एकही बोली आली नाही. तरीही त्याच वर्षीच्या नव्या कायद्याने दहा वर्षांत आणखी चार लिलाव सक्तीचे केले आहेत. पुन्हा अभिप्राय मागवले, तर मी लिहिणार आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनीही अहवालातलं एकेक प्रकरण वाटून घ्यावं. ध्रुवीय अस्वलांच्या गुहांचं प्रकरण मी अजून नीट वाचलेलं नाही, ते कुणीतरी घ्या.