रांग नेमकी कुणाला नको आहे?

उद्योजकतेच्या प्रॅक्टिकलमध्ये सुरुवातीला मी कल्पना मांडायलाच बंदी घालते. मुलं वैतागतात, कारण बरेच जण ॲपचं नाव आणि लोगो ठरवूनच आलेले असतात. त्यांनी फक्त एका जागी बसायचं आणि जे दिसेल ते लिहायचं. कोण आलं, हातात काय होतं, कुठे अडलं, काय करून गेलं. ‘लोकांना फार त्रास होतो’ असं वाक्य दिसलं की वही परत.

त्या दिवशी वह्या वाचायचा तास होता. बऱ्याच वह्या नेहमीच्या वळणाच्या: दोन ओळी निरीक्षण आणि दोन पानं उपाय. एका मुलीने मात्र आमच्याच संस्थेतल्या प्रिंटिंगच्या काउंटरची वही आणली होती. सबमिशनच्या दिवसांत तिथे भली मोठी रांग लागते आणि मशीन कमी पडतं असंच सगळे धरून चालतात. तिच्या नोंदींत मशीन बहुतेक वेळ रिकामं होतं. नंबर लागला की मुलगा मोबाइलमध्ये फाइल शोधायला लागतो. मग ती मेल करायची. उघडली की समास सरकलेले, ते नीट करायचे, मग पैशांसाठी पुन्हा मोबाइल. छपाई सेकंदांत आटोपते, बाकीच्या सोपस्कारांना मिनिटं जातात.

मी फळ्यावर जॉन लिटल यांचा 1961 सालचा नियम लिहिला: ताटकळणाऱ्यांची सरासरी संख्या म्हणजे लोक येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा सरासरी थांबण्याचा वेळ. इथे वेळ फाइलपाशीच जात होता, म्हणजे आणखी वेगवान मशीन आणलं तरी फारसा फरक पडला नसता. इस्राएल कर्झनर या अर्थशास्त्रज्ञाने 1973 मध्ये उद्योजकाच्या सजगतेबद्दल लिहिलं, ते हेच: समोर असलेलं, पण इतरांच्या नजरेतून निसटलेलं पाहणं. वर्ग खूश होता. खरं तर तास इथेच संपवता आला असता.

“काउंटरवाल्या काकांशी बोललीस?”

“बोलले ना मॅडम. ते हसलेच.”

रांगेतच फाइल घेऊन ती नीट करून देणारा एक जण ठेवू, रांग लवकर हलेल, त्याचे महिन्याला ठरावीक पैसे द्या, असं तिने सुचवलं होतं. काका म्हणाले, “अगं, पोरं उभी राहतात म्हणून तर पेन, फोल्डर खपतात. पटापट गेली तर माझ्या गल्ल्यात काय पडणार?”

म्हणजे मुलांची डोकेदुखी हीच काकांची वरकमाई होती. हे कुठल्याही सर्व्हेत आलं नसतं. त्याच वर्गातल्या एका गटाकडे ‘ही सेवा वापराल का?’ या प्रश्नाला आलेल्या होकारांची जाडजूड फाइल होती. फुकटचा होकार द्यायला कुणाचं काय जातं!

चाकांच्या बॅगेचा किस्सा मला अशा वेळी हमखास आठवतो. बर्नार्ड सॅडो हे बॅगा बनवणाऱ्या कंपनीतच होते. 1970 मध्ये विमानतळावर जड बॅगा वाहताना त्यांना चाकांच्या फळीवरून अवजड यंत्र सहज ढकलत नेणारा कामगार दिसला. 1972 मध्ये पेटंट मिळालं, पण त्याआधी बॅग दाखवत फिरताना बऱ्याच दुकानांनी त्यांना परत पाठवलं होतं. पुढे 1987 मध्ये रॉबर्ट प्लाथ या वैमानिकाने उभी, लांब दांड्याची बॅग केली आणि ती आधी विकली विमानातल्या सहकाऱ्यांना. रोज बॅग ओढणं त्यांच्याच नशिबी होतं. प्रवाशांनी ती मग त्यांच्याच हातात पाहिली.

“मग आपल्याकडे पैसे देईल कोण?” मी विचारलं.

मागच्या बाकावरून उत्तर आलं, “ज्याचा रिपोर्ट उद्या सकाळी द्यायचाय तो.”

दुपारी ती मुलगी एक कागद घेऊन बाहेर पडली. संध्याकाळी फाइल द्या, सकाळी समास लावून, छापून, बाइंडिंग करून घ्या. निम्मे पैसे आत्ता. आधी मॉडेल, मग गिऱ्हाईक, हा क्रम मला पटत नाही, म्हणून ॲडव्हान्स मागणं आमच्याकडे सक्तीचं. पहिल्या वर्षाची मुलं “भारी आहे” म्हणून पुढे गेली. शेवटच्या वर्षाच्या तिघांनी खिशात हात घातला. रांग नसताना मशीन चालणार म्हटल्यावर काकांनीही दर कमी केला. सकाळी ज्यांना ती गिऱ्हाईक समजत होती, ते आता तिचे पुरवठादार झाले.

माझे सहकारी गुणपत्रक पाहून म्हणाले, “यात नावीन्य कुठंय?” त्या रकान्यात मी कमीच गुण दिले. ‘विक्री’च्या रकान्यात पूर्ण दिले. आमचा वाद अजून मिटलेला नाही.

रात्री तिचा फोन आला. पहिल्याच रिपोर्टमध्ये कुठलासा जुना मराठी फॉन्ट होता आणि फाइल उघडल्यावर पानभर अगम्य चिन्हं दिसत होती. “ॲडव्हान्स परत करू का?”

“ते तू ठरव.”

तिने मूळ लॅपटॉपच मागवून घेतला आणि काम त्यावर केलं. दुसऱ्या दिवशी तिच्या कागदावर एक ओळ वाढली होती: फाइल देताना फॉन्टही सोबत द्यावा, नाहीतर जादा आकार पडेल.