म्हशीला कोंडा, मालकाला इसबगोल

औशात माझी पिठाची गिरणी आहे. वडिलांनी घातली, मी चालवतो. भुवयांपर्यंत पीठ बसलेलं असतं, म्हणजे धान्यात माणूस जितका बुडेल तितका मी बुडालेला. अशा माणसाचं गेल्या उन्हाळ्यात पोट साफ होईना. तीन-तीन दिवस. सकाळी अर्धा तास कुंथायचं आणि हाती काय, तर खडा. लिहायला लाज वाटते, पण दळण ठेवून जाणारे निम्मे लोक गिरणीवर हेच गाऱ्हाणं सांगतात. मग लाजायचं कुणाला?

डॉक्टरांनी रक्त पडतं का, वजन उतरलं का, हे आधी विचारलं. पोट दाबून पाहिलं. मग खाण्यावर आले. मी सांगितलं, सकाळी चहा-खारी, दहाला वडापाव, दुपारी चार पोळ्या अन् बटाटा, रात्री वरण-भात. ते हसले. म्हणाले, "धंदा कशाचा म्हणालात?"

त्यांनी इसबगोल लिहून दिलं. पाकीट खिशात टाकून गिरणीवर आलो, तर धाकटा भाऊ कोंड्याचं पोतं मोटारसायकलला बांधत होता. त्याच्या म्हशीला. आमच्या घरचा गहू मैद्याच्या चाळणीनं चाळतात, कारण पोराला पोळी मऊ लागते. गव्हाच्या कोंड्यात शंभर ग्रॅममागं चाळीस ग्रॅमच्या वर तंतू, म्हणजे फायबर, असतात. ते म्हशीला चाललं होतं, आणि मी मेडिकलमधून गुजरातच्या शेतातल्या इसबगोलाचा भुसा विकत आणला होता!

मी हाडाचा ज्वारीवाला. वडिलांच्या काळी दहा डब्यांत सात-आठ ज्वारीचे असायचे. आता उलटं झालंय. रानात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, आणि ज्वारी काढायला माणूस मिळत नाही. त्यामुळं माझी खात्री होती की सगळं दुखणं गव्हाचं. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते पाहिले, आणि तोंडच पडलं. शंभर ग्रॅम ज्वारीत तंतू साधारण 10 ग्रॅम. अख्ख्या गव्हात 11. बाजरीतही तेवढेच. म्हणजे गहू निर्दोष! मैदा आणि पॉलिशचा तांदूळ मात्र तीनच्याही खाली. आणि माझं ताट म्हणजे मैदा, चाळलेली कणीक अन् भात. दोष चाळणीचा होता. ती चाळणी माझ्याच गिरणीतली.

आई ऐकायला तयार नाही. "भाकरी हलकी असती रं, गव्हानं पोट गच्च होतं." तिच्या म्हणण्यात अर्थ आहे. गव्हात फ्रुक्टान नावाची साखरेच्या कणांची साखळी असते. ती मोठ्या आतड्यात भराभर आंबते आणि काहींना गुबारा धरतो. ज्वारीत ती अगदी कमी. पण 'हलकी' म्हणजे लवकर पचणारी असं धरलं तर आई चुकते. ज्वारीचा स्टार्च सावकाश फुटतो, म्हणून तर दोन भाकरींवर माणूस दिवसभर खुरपत राहतो.

तंतूंचं काम मला आतड्यातल्या गिरणीसारखं वाटतं. काही तंतू विरघळत नाहीत. ते पाणी धरतात, मळाला आकार देतात, पुढं ढकलतात. काही विरघळून बुळबुळीत होतात. आपल्याला जे पचत नाही, त्यातलं बरंच मोठ्या आतड्यातले जिवाणू खातात आणि ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. त्यावर आतड्याचं अस्तर जगतं. म्हणजे जे आपण 'चोथा' म्हणून चाळून टाकतो, ते कुणाचं तरी जेवण आहे. हे जिवाणू जेवले की वायू सोडतात, हे मात्र मला कुणी आधी सांगितलं नाही.

कारण मी एका दिवसात सुधारलो! सकाळी ज्वारीच्या कण्या, दुपारी मटकीची उसळ, रात्री न चाळलेल्या पिठाच्या पोळ्या, वर दोन चमचे कोंडा आणि अर्ध्या ग्लासात इसबगोल. रात्री पोट नगाऱ्यासारखं. बायको दुसऱ्या खोलीत झोपली. जिवाणूंची फौज इतक्या मालाला तयार नव्हती, आणि पाणीही कमी पडलं. पट्टा चालू असताना उठता येत नाही, म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायचो नाही. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा थेंब-थेंब जपलं, पण त्याचा दोष आता कुठं द्यायचा? पाण्याविना तंतू म्हणजे कोरडी पेंड. आता एकेक गोष्ट आठ-दहा दिवसांनी वाढवतो आणि तांब्या शेजारी ठेवतो.

मजा वाटते एका गोष्टीची. डेनिस बर्किट नावाच्या सर्जननं आफ्रिकेतल्या खेड्यांतले लोक आणि इंग्लंडातले लोक यांच्या पोटाची तुलना केली. खेड्यातल्यांचा मळ भरपूर, आणि जेवण लवकर खाली उतरायचं. तो लेख आला 1972 ला. त्याच सालच्या दुष्काळात आई अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खात होती. मिलोचं नाव काढलं की ती अजून तोंड वाकडं करते. पोट साफ व्हायचं का, असं विचारलं तर म्हणाली, "पोटात काय असलं तर साफ व्हावं ना!"

शिळी भाकरी ताकात कुस्करून खाणं पुन्हा सुरू केलंय. भाकरी गार झाली की तिच्यातला थोडा स्टार्च असा घट्ट होतो की लहान आतड्याला फुटत नाही, जिवाणूंकडं जातो. वेळ अमावस्येला आंबील तर आम्ही पितोच, ती ज्वारीचं पीठ अन् ताक मुरवून केलेली असते. पण वर्षातून एकदाच का, हा प्रश्न मला पन्नाशीत पडला. विद्यापीठात शिकलो असतो तर तिशीत पडला असता, असं नाही.

आता गिरणीवर कुणी "बारीक चाळून द्या" म्हणालं, तर मी मोठ्या भोकाची चाळणी लावतो. दोन बायकांनी डबे उचलून समोरच्या गिरणीवर नेले.

काल भावाचा फोन आला. "दादा, या खेपेला कोंडा निम्माच आला. गिऱ्हाईक तुटलं का काय?"

म्हटलं, म्हशीला सरकीची पेंड वाढव.