माहाउआल: आज जहाज आहे का?

माहाउआलमध्ये आज वार कोणता हे विचारलं तर माणूस क्षणभर आठवून सांगतो. आज जहाजं किती, हे मात्र शेंबडं पोरही पटकन सांगतं. मेक्सिकोच्या किंताना रो राज्यातलं, कान्कूनच्या गजबजाटापासून लांब दक्षिणेला, बेलीझच्या सीमेकडे सरकलेलं हे मासेमारीचं गाव. राज्याची राजधानी चेतुमालहून निघालेली बस काफेतालच्या फाट्याला वळते आणि पुढे पन्नासेक किलोमीटर रस्ता नाकासमोर जातो. दोन्ही बाजूंना आधी रान, मग कांदळवन. समुद्राच्याही आधी दिसतं ते क्रूझचं जहाज, झाडांच्या डोक्यावरून वर आलेलं, गावातल्या कुठल्याही घराहून कितीतरी उंच.

आम्ही मे महिन्यात गेलो आणि पोचलो तो नेमका जहाजाचा दिवस निघाला. मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या फरसबंद वाटेवर, पाय ठेवायला जागा नव्हती. मसाजची टेबलं, बर्फाच्या बादलीत बिअरच्या बाटल्या, वेण्या घालून देणाऱ्या बाया आणि सगळे भाव डॉलरमध्ये. दुपार कलली तशी गर्दी धक्क्याकडे वळली आणि तासाभरात टेबलांच्या घड्या झाल्या. दुसऱ्या दिवशी जहाज नव्हतं. त्याच वाटेवर पोरं फुटबॉल खेळत होती, निम्मी दुकानं बंद होती, आणि आदल्या दिवशी डॉलरमध्ये भाव सांगणारी बाई आता पेसोत, तेही बरंच कमी सांगत होती.

मालेकोन मला आवडला, हे आधीच सांगून टाकते. क्रूझचा धक्का इथे २००१ साली सुरू झाला. त्याआधी नारळाच्या बागा आणि मासेमारी, एवढंच होतं. २१ ऑगस्ट २००७ रोजी डीन नावाचं पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीचं चक्रीवादळ इथेच जमिनीवर आलं. धक्का मोडला, घरं गेली. नंतर गाव उभं करताना किनाऱ्यालगत गाड्यांना मज्जाव करून चालणाऱ्यांसाठी ही वाट झाली. बुटकी घरं, मधे बाक, दोन पावलांवर वाळू. गावाच्या मापाचं काम आहे ते. मेक्सिकोत भरतीरेषेपासूनची वीस मीटरची पट्टी सरकारी मालकीची असते, किनारा कुणाच्या बापाचा नाही. पण त्या पट्टीपर्यंत जायला वाट कुठून, हा प्रश्न नुसत्या कायद्याने सुटत नाही. इथे मालेकोनने तो सोडवला आहे.

आमच्या खोलीच्या मालकीणबाईंचे यजमान मच्छीमार. समोरच्या बांको चिंचोरो या प्रवाळद्वीपावर जाणाऱ्या एका सहकारी संस्थेचे जुने सभासद. चिंचोरो १९९६ पासून संरक्षित आहे, तिथे परवानाधारक सहकारी संस्थाच मासेमारी करतात. शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, पकडायच्या त्या पाठीला हवेची टाकी न लावता, एका दमात बुडी मारून, हातात आकडा घेऊन. मी जेवायला शेवंड मागितली तर यजमान, म्हणजे कॅप्टन, हसले. मार्च ते जून बंदी, १ जुलैला सुरू. आपल्याकडे १ जूनला बोटी किनाऱ्याला लागतात आणि जुलै संपेपर्यंत हलत नाहीत, हे मी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितल्यावर आमचं चांगलंच जमलं.

शेवंडीऐवजी त्यांनी सिंहमासा आणला. हा मूळचा आपल्या बाजूच्या समुद्रातला, कॅरिबियनमध्ये उपरा. इथे त्याला खाणारं फारसं कुणी नाही आणि तो मात्र प्रवाळातली माशांची पिल्लं फस्त करतो, म्हणून जितका मारावा तितका बरा. कॅप्टननी जाड हातमोजे चढवले आणि कात्रीने काटे उडवायला घेतले. आधी पाठीवरचे तेरा, मग पोटाखालचे दोन, शेपटीजवळचे तीन. अठराही विषारी. प्रत्येक काटा मुळाशी कापून डब्यात टाकायचा, बाहेर एकही पडू द्यायचा नाही. काटे गेल्यावर उरला तो साधा पांढरा मासा. लिंबू, कांदा, कोथिंबीर आणि हबानेरो मिरची घालून त्याचं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेली कच्ची मासळी, झालं. सुरमईच्या तोडीचं नाही म्हणणार, पण ताट चाटून पुसून खाल्लं.

खाताना वास मात्र सडक्या अंड्यांचा येत होता. सार्गासो शेवाळाचे ढीग या दिवसांत किनाऱ्यावर येऊन कुजतात, सकाळपासून माणसं दाताळ्याने ओढत असतात आणि दुपारी पुन्हा तेवढंच येतं.

बोलणं अर्थातच नव्या प्रकल्पावर गेलं. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं की इथलं बंदर घेऊन मोठं जलक्रीडा उद्यान उभारणार, तेव्हा लक्ष्य होतं २०२७ चं. घसरगुंड्या, तरणतलाव, सगळं जहाजाच्या प्रवाशांसाठी. जगातल्या दुसऱ्या सर्वांत लांब प्रवाळरांगेसमोर माणसांना तरणतलावात का बसवायचं, हे मला कळलेलं नाही. आणि प्रवाशाला सगळं आतच मिळालं तर तो मालेकोनवर कशाला येईल?

कॅप्टनांचा प्रश्न याहून व्यवहारी होता. एवढ्या लोकांचं सांडपाणी जाणार कुठे? मागे कांदळवन, पुढे प्रवाळ. कांदळवनात लहान मासळी वाढते, ती खराब झाली की समुद्रात आकडा घेऊन बुडी मारून उपयोग काय?

मालकीणबाई भांडी विसळत ऐकत होत्या. त्या वळून नवऱ्याला म्हणाल्या, "डीननंतर जहाजं थांबली होती तेव्हा घर कसं चाललं, ते पाहुण्यांना सांगा की." थोरला मुलगा जहाजाच्या दिवशी पर्यटकांना बोटीतून प्रवाळ दाखवायला नेतो, धाकटीला त्या उद्यानात नोकरी हवी आहे. कॅप्टन म्हणाले, तिला नोकरी मिळेल, पण मोठ्याची बोट बसेल. बाई म्हणाल्या, ते नंतर बघू. दोघांचं हे भांडण जुनं असावं, कारण पुढचं वाक्य एकमेकांना आधीच ठाऊक होतं.

जायचं असेल तर जहाजांचं वेळापत्रक आधी बघा आणि मोकळा दिवस धरा. पेसो रोख ठेवा. आणि शेवंड खायची असेल तर जुलैनंतर जा, वादळांचा हंगाम तेव्हाच असतो, तेवढी जोखीम धरून.