मोठे बाबांना तोंडावर खोटारडे म्हणायची सोय

घरी मंडळी जमली की लहान पोरांचं काही टेन्शन नसतं, लिंबू-चमचा लावा नाहीतर संगीतखुर्ची, तेवढ्यात खूश. खरा प्रश्न अकरावीच्या पुढच्यांचा. नीटची तयारी करणारी भाची, इंजिनिअरिंगला गेलेला पुतण्या, नुकताच पुण्याला नोकरीला लागलेला भाचा, आणि समोर त्यांचे मोठे बाबा, मामाजी, आत्या, सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. महालक्ष्म्यांचं जेवण आटोपलं की आमच्याकडे हीच मंडळी हॉलभर पसरलेली असतात, पोटात पुरणपोळी आणि आंबील, हातात मोबाईल, आणि बोलणं काय तर "मग, पुढचं काय ठरवलं?" पोरं दोन शब्दांत उत्तर देतात, मोठे "छान छान" म्हणतात, संपलं.

मी या घरातली धाकटी सून. खेळ ठरवायचं खातं माझ्याकडे कसं आलं देव जाणे, पण आता माझ्याकडेच आहे आणि माझं एक मत पक्कं झालंय. मोठ्या पोरांसोबत खेळायचा खेळ असा पाहिजे की लहानाला मोठ्याच्या तोंडावर बिनधास्त म्हणता यावं, तुम्ही खोटं बोलून राहिले. वर्षभर आम्ही भासऱ्यांना, म्हणजे पोरांच्या मोठे बाबांना, भाऊजी-भाऊजी करत वाढतो, पोरं पाया पडतात, ते सगळं आपल्या जागी बरोबरच आहे, पण त्यातून माणूस कळत नाही ना. आणि पोरांनाही मोठ्यांनी मुद्दाम हरून दिलेलं अजिबात आवडत नाही, ते वय गेलं त्यांचं.

म्हणून माझा पहिला नंबर माफियाला. कॉलेजच्या पोरांना हा माहीत असतोच, पण मोठ्यांना वाटतं की हे काहीतरी मोबाईलवरचं नवीन फॅड आहे. तसं नाही, १९८६-८७ च्या सुमारास मॉस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या सायकॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये दिमित्री डेव्हिडॉफनं हा खेळ काढला, म्हणजे आमच्या पुतण्यापेक्षा खेळच वयानं मोठा. सामान काहीच लागत नाही. दहा जण असतील तर दहा चिठ्ठ्या, दोन चोर, एक पोलीस, एक डॉक्टर, बाकी साधे गावकरी. रात्री गाव डोळे मिटतं, चोर डोळे उघडून खुणेनं एकाला उडवतात, पोलीस एकावर बोट ठेवून खेळ चालवणाऱ्याला हा चोर आहे का ते विचारतो, डॉक्टर एकाला वाचवायला बघतो. सकाळी सगळे मिळून भांडतात आणि मतदान करून एकाला गावाबाहेर काढतात. रात्री सगळ्यांनी मांडीवर थापा मारत राहायचं, नाहीतर शेजारी कोण हललं ते ऐकू येतं आणि मजा जाते.

आमचे भासरे म्हणजे सरकारी नोकरीत आयुष्य काढलेला माणूस, मोजकं बोलणार. पहिल्या रात्री आत्याबाई गेल्या आणि सकाळी हे एकदम शांत चेहऱ्यानं म्हणतात, "मी काहून मारू बाप्पा कोणाले, मी तर साधा गावकरी." सगळ्यांचा विश्वास बसला. भाची मात्र त्यांच्याकडे बघतच होती, ती म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही खोटं बोलून राहिले. खोटं बोलायचं असलं की तुम्ही चष्मा काढून पुसता." आणि चष्मा खरंच हातात होता त्यांच्या! हॉलमध्ये असा काही आरडाओरडा झाला की शेजारचे डोकावून गेले. आता घरात कोणी काही विचारलं आणि भासऱ्यांचा हात चष्म्याकडे गेला की पोरं लगेच खोकतात. एरवी या पोरीनं त्यांच्यासमोर एवढं मोठं वाक्य कधी बोललं असतं काय?

माफियात एक अडचण मात्र आहे, जो मेला तो बाहेर बसतो आणि पहिल्याच रात्री मेला तर खूप वेळ बसतो. त्याला डोळे उघडून सगळं बघू द्यायचं, फक्त तोंड बंद. आमच्या सासूबाई मेल्या की त्यांच्याच्यानं गप्प राहवत नाही, सरळ चोराकडे बोट करतात, म्हणून "गाव झोपलं, गाव जागं झालं" म्हणायचं काम त्यांच्याकडे देऊन टाकलं. आवाज पण खणखणीत आहे त्यांचा.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा, तीन राऊंडवाला, आणि खरं सांगू तर एकच निवडा म्हटलं तर मी हाच निवडेन. डम्ब शराड्स सगळेच खेळतात, पण तिथे पोरं वेब सिरीज देतात आणि मामाजी त्यांच्या काळातले सिनेमे, मग दोन्ही पार्ट्या एकमेकींकडे बघत बसतात, तुला हे माहीत नाही, तुम्हाला ते माहीत नाही. इथे प्रत्येकानं तीन चिठ्ठ्या लिहायच्या, काहीही, घरातलं, गावातलं, माणूस, वस्तू, घटना. सगळ्या एका पातेल्यात. दोन टीम, आणि प्रत्येक टीममध्ये पोरं आणि मोठी माणसं मिसळूनच, हे सक्तीचं. मोबाईलवर एक मिनिटाचा टायमर लावायचा आणि मिनिटात जेवढ्या ओळखल्या तेवढे पॉईंट. पहिल्या राऊंडला चिठ्ठीतला शब्द सोडून वाट्टेल तेवढं बोला. सगळ्या चिठ्ठ्या संपल्या की त्याच पुन्हा पातेल्यात, दुसऱ्या राऊंडला प्रत्येक चिठ्ठीला फक्त एक शब्द. मग परत त्याच चिठ्ठ्या, आणि तिसऱ्याला तोंड बंद, नुसता अभिनय. गंमत अशी की ज्याला जे माहीत नसतं ते त्याला पहिल्या राऊंडमध्येच सगळ्यांदेखत कळून जातं, त्यामुळे तिसऱ्यापर्यंत वयाचा फरक उरतच नाही. उलट आजीला वेब सिरीजचं नाव पाठ आणि पोरांना मामाजींच्या जुन्या लुनाचा सगळा इतिहास.

आमच्याकडे नागपुरात काय काय निघतं सांगू, "काळी मारबत" (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं निघतो तो पुतळा), "शनिवारी बर्डीवर पार्किंग" (बर्डी म्हणजे इथला गर्दीचा बाजार), "बिघडलेला कूलर आणि पाहुणे", "मामाजींची लुना". एका पोरानं "रेड फ्लॅग" लिहिलं होतं आणि ती चिठ्ठी नेमकी मामाजींच्या हाती. ते म्हणाले, गाडी थांबवायला दाखवतात ते, टीमनं ओळखलं, पॉईंट मिळाला, मग भाचीनं त्याचा पोरांमधला अर्थ समजावला की ज्या माणसापासून लांब राहायची खूण दिसते तो. मामाजींनी मान डोलावली फक्त. दुसऱ्या राऊंडला तीच चिठ्ठी पुन्हा त्यांनाच आली आणि त्यांनी जास्त विचार न करता समोर बघून एकच शब्द टाकला, "जवाई." जवाईबापू समोरच बसले होते, पहिले तेच हसले म्हणून बरं. काळी मारबत तिसऱ्या राऊंडला कोणी कशी केली ते इथे लिहीत नाही, व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर आहे आणि तो तिथेच राहू द्या.

माणसं पंचवीसच्या वर गेली, त्यात कोणाला ऐकू कमी येतं, कोणाच्या कडेवर लेकरू, तर मग हाऊजीच. पोरं नाक मुरडतात कारण त्यात डोकं लागत नाही, ९० पर्यंतचे आकडे, तिकिटावर तीन ओळींत पंधरा, आला की खूण करा. पण म्हणूनच तर नव्वदीची आजी आणि बारावीचं पोरगं एका रेषेवर असतात. फक्त आकडे पुकारायचं काम एखाद्या तोंडाळ पोराला द्या. आमचा पुतण्या ३१ ला "शहरातली गाडी", ४० ला "खेड्यावरची गाडी", ४९ ला "पूर्व नागपूरची गाडी" म्हणतो, नंबरप्लेटवरून ओळखायचं, आणि ४५ ला उन्हाच्या पाऱ्यावरून "मे महिना". आकडा तो सांगतच नाही, ओळखा तुमचे तुम्ही, त्यानं नाक मुरडणारेही कान देऊन बसतात. उन्हाळ्यात खेळत असाल तर पेनानं खूण करा नाहीतर तिकिटावर तुरीची डाळ भरपूर घ्या, कूलरच्या हवेत तिकीट उडालं की "माझी टॉप लाईन झाली होती" म्हणणारे दहा जण निघतात.

पत्ते तर आहेतच. चारच जण असले तर मेंढीकोट, समोरासमोरचे पार्टनर, दहिले गोळा करायचे, आणि कट हुकूम लावा, म्हणजे ज्याच्याकडे उतारीचं पान नाही तो जे टाकेल तोच हुकूम. पार्टनर मात्र एक लहान एक मोठा. पाच ते सात जण असतील तर जजमेंट, आधी सांगायचं किती हात करणार आणि मग तेवढेच करून दाखवायचे, गणितात हुशार पोरं इथे आपटतात आणि दुपारी भिशीत पत्ते कुटणाऱ्या काकू जिंकतात. त्याहून जास्त असतील तर दोन कॅट एकत्र करून चॅलेंज. "तीन गुलाम" म्हणत उलटी पानं टाकायची, आणि आत दुरी, पंजी, अठ्ठी. तिथेही चष्म्यावर लक्ष ठेवा. फक्त महालक्ष्म्या बसलेल्या असताना पत्ते नको म्हणतात सासूबाई, म्हणून ते दिवाळीला.

जे आमच्याकडे कधीच चालत नाही ते पण सांगते. ट्रुथ अँड डेअर अजिबात नको, एकोणीस वर्षांच्या पोराला सगळ्या नातेवाइकांसमोर गर्लफ्रेंडबद्दल विचारणं हा खेळ नाही, ती चौकशी झाली. जनरल नॉलेजचं क्विझ नको, पोरं क्लासमधूनच आलेली असतात. जमिनी-घरं विकत घेण्याचा तो व्यापाराचा खेळ तीन तास चालतो आणि त्यातून खऱ्या वाटणीचे विषय निघतात, कशाला. अंताक्षरी गाडीत बरी, घरी दोनच जण गातात. ऊनो चांगला आहे, पण सुरू करायच्या आधीच ठरवून घ्या की प्लस दोनवर प्लस दोन टाकायचं की नाही. कंपनीनं स्वतः टाकायचं नाही असं सांगितलंय, पण आमच्या पुतण्यासमोर ते बोलून बघा.

आणि खेळायचंच नाही म्हणणारा एक तरी असतोच, त्याला ओढू नका, स्कोअर लिहायला बसवा. आमच्याकडे हे काम यांच्याकडे आहे, चहाचा कप घेऊन अगदी तटस्थपणे कोपऱ्यात बसतात, आणि शेवटी बेरीज केली की यांच्या बहिणीच्या टीमचे चार पॉईंट जास्तच निघतात.