त्सुबावर भाताचं पोतं दिसलं की आधी त्याचं टोक बघा

जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये जी धातूची चकती असते ती त्सुबा, जेमतेम ७-८ सेंटीमीटरची, आणि तेवढ्याशा जागेत त्या कारागिरांनी काय काय कोरून ठेवलंय ते बघताना मला खरंच वेळेचं भान राहत नाही. त्यातलं माझं लाडकं डिझाइन म्हणजे तवारा, पेंढ्यात बांधलेलं तांदळाचं पोतं. कोकणात पेंढ्याचा मुडा बांधतात ना, तसंच काहीसं, फक्त मुडा गोल आणि तवारा लांबट.

आता ऑनलाइन फोटोंत कुठलाही लांबट गोल आकार दिसला की लोक लगेच तवारा म्हणून मोकळे होतात, पण बऱ्याचदा तो असतो जाकागो, म्हणजे नदीकाठ वाहून जाऊ नये म्हणून बांबूच्या लांबलचक टोपलीत दगड भरून ठेवतात ते. जाकागोला जाळीदार वीण असते, भोकांतून आतले दगड दिसतात आणि शेजारी हमखास लाटा नाहीतर लव्हाळं असतं. तवाऱ्यावर पेंढ्याच्या काड्या लांबीच्या दिशेने बारीक रेषांनी कोरलेल्या असतात, त्यांना आडव्या दोऱ्यांचे फेर, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टोकाला पेंढ्याचंच गोल झाकण. त्याला सानदावारा म्हणतात. ते झाकण आणि त्यावरून गेलेली दोरी दिसली की माझ्या मते विषय संपला. लोखंडाच्या नुसत्या कापीव जाळीकामात एवढं डिटेल नसतं, तिथे मग आजूबाजूला काय आहे त्यावरच जावं लागतं.

आणि आजूबाजूचं बघण्यातच खरी मजा आहे. उंदीर असतील तर दाइकोकू आठवायचा, समृद्धीचा देव, दोन पोत्यांवर उभा, हातात हातोडा, खांद्यावर झोळी, आणि याचं मूळ आपला महाकाल बरं का, बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला. कितीतरी त्सुबांवर देव स्वतः नसतोच, नुसती पोती, हातोडा आणि उंदीर, बघणाऱ्याने ओळखायचं. मला हे फार सुंदर वाटतं.

शस्त्रावर धान्य कशाला असं वाटेल, पण एदो काळात (१६०३ ते १८६८) सामुराईचा पगारच तांदळात मोजायचे, कोकूमध्ये, एक कोकू म्हणजे साधारण १८० लिटर, आणि १०,००० कोकू किंवा त्याहून जास्त उत्पन्न असलेला सरदार तो दाइम्यो. पोतं म्हणजे सामुराईच्या घरची चूलच की.

पोत्याजवळ मोठी गोम दिसली तर मात्र गोष्ट वेगळी, ती तवारा तोदाची, म्हणजे ९४० साली मासाकादो या सरदाराचं बंड मोडणाऱ्या फुजिवारा नो हिदेसातोची, दंतकथेत त्याने बिवा सरोवराजवळच्या मिकामी डोंगरावरची राक्षसी गोम मारली आणि नागराजाने त्याला कधीच न संपणारं तांदळाचं पोतं दिलं.